शेपटीखालचे खवले

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही, आणि सापांचा जाणकार तर मुळीच नाही. वेल्समधल्या कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची ही गोष्ट, एवढंच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील तालुक्याच्या गावी बोर्ड रंगवतात, आई शाळेत मुलांची खिचडी शिजवते. दोघांचं शिक्षण सातवीपर्यंत. लिहायचं म्हणजे अर्ज लिहायचा आणि खाली ‘आपला विश्वासू’ म्हणून सही करायची, एवढीच लिहिण्याशी आमची ओळख. त्यामुळे पानभर ‘मी’ आणि ‘माझं’ लिहिताना सारखं वाटतं, आता मागून कुणीतरी येईल आणि विचारेल, तुला कुणी सांगितलं होतं हे?

सांगितलं काकूंनी. विसरायच्या आत लिहून काढ म्हणाल्या, आणि माझी चूक गाळू नकोस. त्यांची चूक मी लिहिणार आहे. माझ्याही लिहीन. त्या संख्येने जास्त आहेत.

काका-काकू म्हणजे माझे घरमालक, पण तसं म्हटलेलं दोघांनाही चालत नाही. काका मिरजेहून इकडे आले त्याला चाळीस वर्षं झाली. सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणाचे डॉक्टर होते, आता निवृत्त. काकू पक्क्या शाकाहारी, त्यांच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. आणि अशा घराची जी मागची खोली मला राहायला मिळाली, तिच्या भिंतीला लागून दोन मोठ्या काचेच्या पेट्या होत्या आणि प्रत्येक पेटीत एक साप.

साप त्यांच्या मुलीचे. तिला मी ताई म्हणतो. ताई लंडनमध्ये, एजवेअरला राहते. लहान फ्लॅट, त्यात तेव्हा नुकतंच चालायला लागलेलं मूल, म्हणून साप काही वर्षांपूर्वी माहेरी आले. कॉर्न स्नेक ही जात बिनविषारी आणि स्वभावाने गरीब. इथे लोक ससे पाळावेत तसे ते पाळतात. एक नारिंगी, पाठीवर काळ्या कडांचे तांबडे डाग. दुसरा गुलाबीसर पांढरा, लाल डोळ्यांचा. खोली देताना काकांनी एकच अट घातली: यांचं पाणी, खाणं आणि साफसफाई तुझ्याकडे. खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. ते गॅरेजमधल्या वेगळ्या छोट्या फ्रीझरमध्ये असत. त्या फ्रीझरला काकूंनी कधी हात लावला नव्हता. शेजारून जातानासुद्धा त्या कार्डिगन अंगाशी घट्ट ओढून घेत. सापांशी मात्र त्यांचं वैर नव्हतं. नागपंचमीला पेटीच्या काचेला बाहेरून गंध-फूल वाहत, आणि दूध ठेवायचं नाही हे लेकीने बजावलेलं पाळत.

आईला मी दोन महिने हे सांगितलंच नाही. व्हिडिओ कॉलवर पेट्यांकडे पाठ येणार नाही असा बसायचो. शेवटी एकदा फोन घसरला आणि तिला सगळं दिसलं. तिने विचारलं, ते काय खातात. सांगितलं. त्यावर तिचा दुसरा प्रश्न, ‘आणि तू काय खातोस?’ सापांचा विषय तिथेच संपला.

ऑक्टोबरात ताईचा फोन आला. ताईचं मराठी इथलं आहे, जन्मापासून कार्डिफचं. ती म्हणाली, ‘शॉपमध्ये दोघे मेल आहे असं सांगितला होता. पण ऑरेंजवाला मला नेहमी मुलगी वाटते. तू हेच शिकतो ना? तू बघ ना.’

मग तिने जे सांगितलं त्याने मी खुर्चीत सरळ बसलो. कॉलेजात असताना तिने हे दोन साप घेतले, तेव्हापासून तिच्या मनात होतं की यांची पिल्लं व्हावीत. दोन्ही नर म्हणून विषय सोडून दिला होता. आता नारिंगीला नऊ वर्षं झाली. ती खरंच मादी असेल, तर या वसंतात नाही तर बहुधा कधीच नाही. मादीला वय झाल्यावर पहिल्यांदा अंडी धरली तर ती आत अडकू शकतात, आणि अडकली तर साप जातो. तेव्हा नुसतं मादी आहे का एवढंच सांगून भागणार नव्हतं. ती तयार आहे का, हेही सांगायचं होतं.

इथे माझी पहिली चूक. आम्हाला वर्गात पेशी शिकवत होते आणि संख्याशास्त्र शिकवत होते, सापाचं लिंग कुणीही शिकवलं नव्हतं. ‘मला येत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्यासारख्या मुलाला हे वाक्य फार जड जातं. घरी सगळे समजतात की पोरगं परदेशात शिकतंय म्हणजे त्याला सगळं येतं, आणि हळूहळू आपणही तसं वागायला लागतो. मी ‘बघतो’ म्हणालो.

काकांनी मात्र बघितलंसुद्धा. चष्मा कपाळावर सरकवून पेटीत डोकावले आणि म्हणाले, ‘दोन्ही मुलगे. चाळीस वर्षं हेच केलंय मी.’ काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही केलं ते माणसांचं. आणि तिथेही बाहेर आल्यावरच सांगत होता की.’

लायब्ररीतून पुस्तकं आणली. त्यातून एवढं कळलं की सापाचं पोट जिथे संपतं आणि शेपूट सुरू होतं तिथे एक आडवी फट असते. नराची शेपटी या फटीनंतर काही अंतर जाडच राहते आणि मग सावकाश निमुळती होते, कारण त्याचे अवयव तिथे आत दडलेले असतात. मादीची शेपटी फटीनंतर लगेच बारीक होते आणि आखूडही असते. मी दोघांना रोज हातात घेऊन शेपट्या पाहू लागलो. एक दिवस फरक अगदी ढळढळीत दिसायचा, दुसऱ्या दिवशी वाटायचं, आपल्याला तो हवा आहे म्हणून दिसतोय.

दुसरी खूण मोजण्याची होती. शेपटीच्या खालच्या बाजूचे खवले मोजायचे. नराचे जास्त भरतात, मादीचे कमी. पण जिवंत साप इतका वेळ उताणा कसा धरून ठेवणार? मोजायचे ते टाकलेल्या कातेवर, आणि दोघांनीही मी आल्यापासून कात टाकली नव्हती.

हे मी जेवताना बोललो. काकू उठल्या आणि देवघराच्या खालचा ड्रॉवर उपसून टेबलावर घेऊन आल्या. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काताच काता. साप घरी आल्यापासूनची एकही त्यांनी फेकली नव्हती. त्यांच्या माहेरी शेतात सापाची कात मिळाली की ती शुभ म्हणून जपून ठेवत, आणि इथे तर ती घरातच मिळत होती. काका चकित झाले. ‘इतकी वर्षं हे माझ्या घरात होतं?’ काकू म्हणाल्या, ‘तुम्ही देवघराशी कधी येता, म्हणजे कळेल.’

काता एकमेकांत मिसळल्या होत्या, पण नारिंगीच्या कातेवर पाठीच्या डागांची पुसट नक्षी उतरते आणि पांढऱ्याची कात कोरी असते, त्यामुळे वेगळ्या करता आल्या. तो सबंध रविवार आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर मोजत होतो. कात वाळलेली, पापुद्र्यासारखी. काकूंनी पुरणपोळी तव्यावर टाकावी इतक्या हलक्या हाताने ती ओल्या फडक्यावर मऊ करून उलगडली. काका भिंगातून पाहत आणि टाचणीने एकेक खवला दाखवत, मी कागदावर रेघा मारत होतो. काकांचा हात निवृत्तीच्या सुमारास थरथरायला लागला होता. टाचणी दोनदा एकाच खवल्यावर जायची. मग काकू ‘हा झाला’ म्हणायच्या आणि मी रेघ खोडायचो. संध्याकाळपर्यंत सात काता झाल्या. नारिंगीचे खवले प्रत्येक वेळी पांढऱ्यापेक्षा दहा-बारांनी कमी.

आता नुसतं सांगायचं होतं, आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर येईना.

याचं कारण सांगतो, हसू नका. गावाकडे वडिलांना सोनोग्राफीवाल्या दवाखान्यांचे बोर्ड रंगवायचं काम नेहमी असे. गर्भाचं लिंग इथे सांगितलं जात नाही, सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, अशा मजकुराचे. मोठी अक्षरं ते आखायचे आणि आत लाल रंग भरायचं काम माझ्याकडे असायचं. आठवी-नववीपर्यंत ‘गुन्हा’ या शब्दात मी इतक्यांदा रंग भरला आहे की हाताला त्याचं वळण पाठ आहे. आणि आता मी कार्डिफमध्ये टेबलावर एका जिवाचं लिंग जाहीर करायला बसलो होतो. गर्भाचं नव्हे, नऊ वर्षांच्या धडधाकट सापाचं, हे मलाही कळत होतं. पण जीभ अडली. मी अडखळत हे काका-काकूंना सांगितलं.

काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग सांगायला लागले की मिरजेला काय आणि इथे काय, आपले लोक त्यांना सरळ कधीच विचारत नसत. सासू बाजूला घेऊन हळूच म्हणायची, डॉक्टर, पेढे आणू की जिलेबी? पेढे म्हणजे मुलगा, जिलेबी म्हणजे मुलगी. काका प्रत्येकीला एकच उत्तर देत, साखर कमी खा.

हे सांगून झाल्यावर त्यांनी चेहरा गंभीर केला, माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘डॉक्टर, पेढे आणू की जिलेबी?’

‘जिलेबी,’ मी म्हणालो.

काकूंनी त्याच संध्याकाळी पीठ भिजवलं. आंबायला ते घर तापवणाऱ्या बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवलं, कारण कार्डिफमध्ये काहीही आंबायचं असेल तर तीच एक जागा. दुसऱ्या दिवशीच्या जिलेब्या जरा चपट्या झाल्या होत्या. मी नऊ खाल्ल्या.

तरीही खवल्यांची मोजणी म्हणजे पुरावा नव्हे, कारण काही नर आणि काही माद्या मधल्या आकड्यांत येतात. नोव्हेंबरात एका शनिवारी आम्ही दोन्ही साप उशीच्या अभ्र्यांत घालून सापवाल्यांच्या क्लबात नेले. चर्चच्या हॉलमध्ये जमतात ते. तिथले सर्वांत जुने गृहस्थ वेल्श, ऐंशीच्या घरातले; मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणू लागलो. त्यांच्याकडे गुळगुळीत स्टीलची बारीक सळई होती. तिला जेल लावून फटीतून शेपटीच्या दिशेने अलगद सरकवायची. नर असेल तर आठ-दहा खवल्यांइतकी आत जाते, मादी असेल तर दोन-तीन खवल्यांवर थांबते. जोर केला तर साप कायमचा जायबंदी होतो, म्हणून हे शिकलेल्या माणसानेच करायचं. पांढऱ्याच्या वेळी सळई खोल गेली. नारिंगीच्या वेळी लगेच थांबली. आजोबांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवून ‘लव्हली गर्ल’ म्हटलं. काका एवढा वेळ हात मागे बांधून, विद्यार्थ्यासारखे पाहत उभे होते. मला कोपराने ढोसून म्हणाले, ‘पास झालास.’

पण आजोबांनी तिचं वय ऐकून मान हलवली. ते म्हणाले ते साधारण असं: वजन बघा, हिवाळ्यात थंडीत ठेवा, वसंतात पोटावरून अंगठा फिरवा, आणि जरा जरी शंका आली तरी जोडी लावू नका. परतताना गाडीत, घराच्या वळणावर काका म्हणाले, ‘पहिलटकरीण, आणि वय झालेली. अशा बायकांच्या वेळी मी कधी नीट झोपलो नाही.’ घरी पोचल्यावर त्यांनी निर्णय माझ्यावर टाकला. वजन, थंडी, खाणं सगळं तू बघणार, तेव्हा हो म्हणायचं की नाही ते तूच सांग, मी तुझ्या शब्दावर जाईन. इतक्या मोठ्या माणसाने माझ्या शब्दावर जायचं म्हटल्यावर मी त्या रात्री आजोबांच्या सूचना वहीत दोनदा लिहून काढल्या. तिचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या शब्दाने झालं असतं.

थंडीचं असं असतं. या सापांना रानात हिवाळा लागतो, आणि तो गेल्यावर त्यांचं शरीर जोडीसाठी तयार होतं. घरात उबेला ठेवलं तर तयार होईलच असं नाही. म्हणून डिसेंबरात आधी खाणं बंद करायचं, पोट रिकामं होऊ द्यायचं, मग थंड, अंधाऱ्या जागी आठ-दहा आठवडे ठेवायचं. या काळात फक्त पाणी. खाऊ घालायचं नाही, कारण थंडीत त्यांना पचवता येत नाही, आणि न पचलेलं पोटात सडतं. मी दोघांना झाकणाच्या डब्यांत ठेवून डबे गॅरेजमध्ये नेले. काकूंना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, ‘दहा आठवडे? उपाशी?’ मी म्हणालो, ‘त्यांना भूक लागत नाही, काकू.’ त्या म्हणाल्या, ‘तसं सगळेच म्हणतात.’

जानेवारीत माझी परीक्षा होती. चौदा तारीख लायब्ररीत गेली. सतराला गॅरेजमध्ये पाणी बदलायला गेलो आणि नारिंगीच्या पोटात, मधोमध, एक फुगवटा दिसला. फ्रीझर उघडला. पिशवीत एक उंदीर कमी.

काकू ओट्यापाशी होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांना कळलं. त्यांनी सगळं सांगितलं. संक्रांत होती. सगळ्यांना तिळगूळ दिला, पोस्टमनलासुद्धा दिला. आणि घरातली एक, तीही उद्या आई होणारी, गॅरेजमध्ये थंडीत उपाशी. त्यांना राहवलं नाही. दोन-दोन हातमोजे चढवले, फ्रीझर उघडला, चिमट्याने एक उंदीर काढला आणि डोळे मिटून गरम पाण्याच्या मगात सोडला. मी तसंच करतो हे त्यांनी दारातून पाहिलेलं होतं. सापाचा डबा आधी बॉयलरच्या कपाटात ऊब यायला ठेवला. ती खाईपर्यंत थांबल्या आणि डबा परत गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. मग दोनदा अंघोळ केली. तो पाण्याचा मग आणि चिमटा दोन्ही बागेत पुरले.

आता लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. मी म्हणालो, ‘काकू, ती मरेल याने. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?’ आवाज चढला होता. माझ्या आईवर मी असा कधी ओरडलो नव्हतो. काकूंनी फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसायला घेतला.

काकांनी दोघांच्या मध्ये न पडता एकच गोष्ट विचारली: आता काय करायचं ते सांग. ते मला सुचलं नव्हतं. मी क्लबातल्या आजोबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, ताबडतोब आत घ्या, ऊब द्या, पचू द्या. थंडी मोडली तर मोडली, पाच आठवडे झालेत, कदाचित तेवढी पुरेल. आधी साप वाचवा.

तिला खोलीत आणून दिव्याखाली ठेवलं. चार दिवस मी पुस्तक घेऊन पेटीसमोर बसलो. काकू दारापर्यंत येऊन फुगवटा पाहून जायच्या. पाचव्या दिवशी सकाळी फुगवटा दिसेनासा झाला होता आणि पेटीच्या कोपऱ्यात तिने घाण केली होती. घाण पाहून एवढा आनंदलेला माणूस काकांनी आयुष्यात दोनदाच पाहिला म्हणे, आणि दुसरा माणूस एक सर्जन होता. मी काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘ओरडलास ते बरं केलंस. पण उपाशी ठेवताना मला पाहायला लावू नका पुन्हा.’ मी कबूल केलं. मग त्यांनी ताटात पोळी वाढली. आमचं भांडण तेवढंच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला चांगलं खाऊ घातलं. वजनासाठी काकांनी माळ्यावरून जुना बाळांचा वजनकाटा काढला. हॉस्पिटलने टाकून दिलेला, त्यांनी आठवण म्हणून आणलेला. काकूंनी त्यात स्वच्छ टॉवेल अंथरला. दर रविवारी ती काट्यावर चढायची आणि काका आकडा मोठ्याने वाचायचे. पाचशे ग्रॅमच्या वर गेली. मार्चअखेर तिने कात टाकली. आता अंगठा फिरवायची वेळ झाली होती. साप हातावरून पुढे सरकू द्यायचा, अंगठा पोटाखाली हलकाच टेकवून ठेवायचा, आणि जोडीआधीच आत वाढणारी कच्ची अंडी असतील तर ती माळेतल्या मण्यांसारखी एकामागून एक अंगठ्यावरून जातात. मी चार वेळा करून पाहिलं. मला काही लागलं नाही. की लागलं? मला सांगता येईना.

‘काका, तुम्ही बघता?’ मी म्हणालो. ‘मला कळत नाहीये.’

सहा महिन्यांपूर्वी ताईला जे म्हणता आलं नव्हतं, ते त्या दिवशी सहज म्हणता आलं.

काकांनी हात कोमट पाण्यात धरले, पुसले आणि पुढे केले. नेहमीप्रमाणे ते थरथरत होते. साप त्यांच्या मनगटावर आला आणि त्यांनी अंगठा टेकवला. त्यांनी डोळे मिटले. तिचं अर्धं अंग सरकून गेलं. मग म्हणाले, ‘एक. दोन. तीन... आहेत रे. मोठे आहेत. सगळे एका ओळीत आहेत.’ काकूंनी दारातूनच विचारलं, ‘आणि ती कशी आहे?’ काका म्हणाले, ‘उत्तम. ताकद आहे अंगात.’

वजन ठीक होतं, अंगठ्याला लागलं होतं, थंडी अर्धवट झाली होती. मी एक दिवस मागून घेतला, पुन्हा आजोबांना फोन केला, आणि ‘हो’ म्हणालो.

पांढऱ्याला तिच्या पेटीत सोडलं तेव्हा काकूंनी खोलीचा पडदा ओढला, दार लावून घेतलं आणि आम्हालाही बाहेर काढलं. काका म्हणाले, अगं, हे पाहावं लागतं. काकू म्हणाल्या, तुम्ही आयुष्यभर पुढचं पाहिलंत, तेवढं पुरे. शेवटी मला एकट्याला आत जायची परवानगी मिळाली, पाच मिनिटांपुरती. तो तिच्या मागे मागे थरथरत फिरत होता, ती दाद देत नव्हती, मग थांबली. बाहेरून काकूंचा आवाज आला, ‘काही झालं का?’ आणि लगेच, ‘नको, सांगू नकोस.’ काकांनी दारातून हळूच विचारलं, ‘झालं का?’ मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी ताईला तिथल्या तिथे मेसेज केला. ताईचं उत्तर एक पानभर रडणाऱ्या चेहऱ्यांचं होतं.

मेमध्ये ती जाड झाली, खाणं सोडलं, उबेच्या दिव्याखाली पोट वर करून पडायला लागली. महिनाअखेर पुन्हा कात टाकली. या कातेनंतर दहाएक दिवसांत अंडी येतात. ओल्या शेवाळाचा डबा आम्ही पेटीत ठेवला. अंडी उबवायचा डबा काकूंनी स्वतः बॉयलरच्या कपाटात बसवला, शेजारी थर्मामीटर. तिथे अठ्ठावीस अंश कुठल्या फळीवर मिळतात ते त्यांना थर्मामीटरच्याही आधी माहीत होतं. पशुवैद्याचा नंबर काकांनी फोनशेजारी चिकटवला.

आणि नेमकं तेव्हाच मला निघावं लागलं. युनिव्हर्सिटीने उन्हाळ्याच्या कामाला वेल्सच्या पश्चिम टोकाशी एका बेटावर पाठवलं होतं, समुद्रपक्ष्यांची घरटी मोजायला. आधीच ठरलेलं होतं. तारीख बदला म्हणून मी अर्जही केला; अर्ज मला उत्तम लिहिता येतो. पण कारणाच्या रकान्यात ‘साप बाळंत होणार आहे’ असं लिहिल्यावर तो मंजूर व्हायची आशा मी स्वतःच सोडली. निघताना काकूंनी डब्यात थालीपीठं दिली. काका म्हणाले, ‘आता तुझ्या हातात काही नाही. आमच्या पेशात याची सवय करावी लागते.’

बेटावर फोन लागतो तो टेकडीच्या माथ्यावर, तोही स्वच्छ हवेत. सहाव्या दिवशी दुपारी वर गेलो तर काकांचे दोन मेसेज आले. पहिला: ‘सुरू झालं. दोन अंडी, मोठी आणि पांढरीशुभ्र.’ दुसरा तीन तासांनंतरचा: ‘दोनच. पुढे काही नाही. थकलेली दिसते. वाट पाहतोय.’

मी उत्तर लिहायला घेतलं तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं आणि फोनवरच्या सिग्नलच्या रेघा गेल्या.

धुकं तीन दिवस राहिलं. रोज दोनदा वर जाऊन हात उंच करून उभा राहायचो. बोट येत नव्हती. खाली समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळांत आपापली अंडी उबवत होते आणि मी ती मोजून वहीत रेघा मारत होतो. दोन अंडी आणि पुढे काही नाही, याचा अर्थ मला पुस्तकातून पाठ होता. मनात सारखं तेच: थंडी पुरली नसेल. मण्यांचा अर्थ चुकला असेल. मी ‘हो’ म्हणालो नसतो तर ती आत्ता दिव्याखाली निवांत पडून असती.

चौथ्या दिवशी धुकं उठलं आणि सामानाची बोट आली. मी बटाट्यांचं पोतं घ्यायला खाली गेलो. बोटवाल्याने पोतं देण्याआधी खिशातून एक कागद काढला. कुणा म्हाताऱ्या बाईने धक्क्यावरच्या ऑफिसात तीनदा फोन केला म्हणाला, आणि तिने सगळं त्याला लिहून घ्यायला लावलं, वर परत वाचूनही घेतलं. त्याने चष्मा लावला आणि बोट फिरवत, एकेक ओळ सावकाश वाचली. तिसरं अंडं चार तासांनी आलं. मग बाकीची चहाच्या वेळेपर्यंत, ओळीने. एकूण चौदा. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं लागलं नाही. मुलगी एजवेअरहून आली आहे आणि पेटीसमोर बसून आहे. नारिंगी ठीक आहे, पाणी प्यायली, आणि आज सकाळी जेवली.